फळाची हमी नसलेले कर्म : खान्देशातील शाळा आणि उद्योगशिक्षणाचा धर्मविचार

शालेय वयातील मुलांना उद्योग-व्यवसायाचे शिक्षण द्यावे काय, हा प्रश्न महाराष्ट्रात बहुधा रोजगाराचा प्रश्न म्हणून चर्चिला जातो. नोकऱ्या थोड्या आणि पदवीधर पुष्कळ, तेव्हा मुलांनी लहानपणीच धंद्याचे धडे गिरवावेत, असा सरळ हिशेब त्यामागे असतो आणि तो चुकीचाही नाही. परंतु शाळेच्या पटांगणात बालबाजार, म्हणजे मुलांनीच माल मांडून विकण्याचा बाजार, भरवण्याचा विषय निघाला की शिक्षकांपैकी कोणीतरी हमखास जी हरकत घेतो, तिचे मूळ धर्मविचारात असते. विद्येच्या ठिकाणी पैशाचा व्यवहार आणू नये, कोवळ्या मनाला नफ्याची चटक लावू नये, लोभ हा शिकवावा लागत नाही, तो आवरायला मात्र शिकवावे लागते, अशी ती हरकत असते. जुनाट म्हणून ती झटकून टाकता येत नाही. धन हे बंधन आहे, व्यापारात असत्य मिसळल्यावाचून राहत नाही, आणि माणसाला वासनेतून सोडवणे हेच विद्येचे काम आहे, अशी एक दीर्घ व आदरणीय परंपरा तिच्या पाठीशी उभी आहे. म्हणून तिला उत्तर द्यायचे तर ते धर्मविचाराच्या भूमीवर उभे राहूनच दिले पाहिजे. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत त्या उत्तराची सामग्री विपुल आहे.

जळगाव जिल्ह्यातील अमळनेर हे बोरी नदीकाठचे गाव सखाराम महाराजांच्या वारकरी परंपरेचे गाव आहे, कापड गिरणीचे गाव आहे आणि तत्त्वचिंतनाचेही गाव आहे. गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये येथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. शंकराचार्यांच्या अद्वैत वेदान्ताचा, म्हणजे ब्रह्म हे एकच सत्य असून जग मिथ्या आहे आणि जीव ब्रह्माहून वेगळा नाही या सिद्धान्ताचा, मूलगामी अभ्यास व्हावा हा त्यामागील हेतू होता, आणि कृष्णचंद्र भट्टाचार्य, जी. आर. मलकानी यांच्यासारखे विचारवंत या आडगावी येऊन राहिले ते त्या हेतूमुळेच. साने गुरुजींनी याच मंदिरात काही काळ अभ्यास केला आणि १९२४ पासून सुमारे सहा वर्षे ते गावच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. पुढे १९४५ मध्ये महंमद हाशम प्रेमजी यांनी येथेच वनस्पती तुपाच्या कारखान्यासाठी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. तीच आजची विप्रो. तिचे भाग पिढ्यान्‌पिढ्या न विकता जपून ठेवणारी अमळनेरची अनेक कुटुंबे श्रीमंत झाली. त्यांचा धीर कौतुकास्पद आहे, मात्र भाग राखून ठेवणे आणि उद्योग उभा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुलांसमोर अमळनेरचे उदाहरण ठेवताना पहिलीच गोष्ट अधिक रंगवून सांगितली जाते, हे काही बरे नाही.

गिरणीच्या कमाईवर जगाच्या मिथ्यात्वाची चर्चा पोसली गेली, यात विसंगती आहे काय? सर्वसाधारण समजूत अशी की मिळकतीला चिकटलेला मळ दानाने धुऊन निघतो. ही समजूत धर्माला आणि उद्योगाला, दोघांनाही कमी लेखणारी आहे. मिळवण्याची रीत मुळातच दूषित असेल तर दानाने ती शुद्ध होत नाही, आणि दान हे सत्कृत्य मानायचे तर ज्या मिळकतीतून ते निघाले तिची रीतही तपासावी लागते. अमळनेरच्या मुलांना प्रतापशेठांचे दान ठाऊक असते. कापूस कोणत्या भावाने घेतला जाई, कामगाराला काय मिळे, मंदीच्या वर्षी तोटा कोणी सोसला, हे प्रश्न शाळेत क्वचितच निघतात. उद्योगशिक्षणाचे खरे क्षेत्र म्हणजे या कथेतला दानाआधीचा, मिळकतीचा अर्धा भाग.

भारतीय परंपरेने अर्थ हा चार पुरुषार्थांपैकी, म्हणजे माणसाने जाणीवपूर्वक साधायच्या चार प्रयोजनांपैकी, एक मानला आणि त्याला धर्माच्या मर्यादेत ठेवले, हे सर्वपरिचित आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की खान्देशात नांदणाऱ्या निरनिराळ्या धर्मपरंपरांनी ‘धंदा करावा काय’ या प्रश्नावर फारसा वेळ घालवलेला नाही. कोणता धंदा करावा आणि कसा करावा, यावर त्यांनी बारकाईने विचार केला आहे. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात सद्‌गृहस्थाचे जे पस्तीस गुण सांगितले आहेत, त्यांतला पहिलाच गुण न्यायाने मिळवलेले वैभव हा आहे, आणि जैन श्रावकासाठी पंधरा निषिद्ध व्यवसायांची यादीच परंपरेने दिली आहे. बुद्धाच्या अष्टांगिक मार्गात सम्यक् आजीविका, म्हणजे दुसऱ्याला इजा न करणारे उपजीविकेचे साधन, हे एक स्वतंत्र अंग आहे. शस्त्रे, जिवंत प्राणी, मांस, मादक पदार्थ आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे बौद्ध ग्रंथांत स्पष्ट सांगितले आहे. इस्लामचे प्रेषित स्वतः व्यापारी होते. त्या धर्माने व्याज निषिद्ध ठरवले, व्यापार मात्र वैध मानला. तुकोबा हे वाण्याचा व्यवसाय असलेल्या घरातले. त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली असे परंपरा सांगते, आणि तरीही उत्तम व्यवहाराने धन जोडावे व त्यात मन गुंतू न देता ते खर्चावे, हा उपदेश संसारी माणसाला त्यांनीच केला. तेव्हा शाळेतील उद्योगशिक्षणाला धर्माची आडकाठी आहे, हे म्हणणे टिकत नाही. धर्माचा आग्रह एवढाच की ‘काय विकावे’ याच्या आधी ‘काय विकू नये’ हे शिकवले जावे. गुटख्याच्या पुड्या ज्या टपरीवर लटकतात ती टपरी शाळेच्या वाटेवरच असते. त्या धंद्यात नफा आहे हे मुलांना दिसते, मग तो का करू नये हे त्यांना कारणांसह कळायला नको काय?

आता मूळ हरकतीच्या गाभ्याकडे वळता येईल. ती अशी की उद्योग म्हणजे फळाची इच्छा आणि गीतेची शिकवण म्हणजे फळाचा त्याग. दोन्ही एका शाळेत कशी नांदणार? या प्रश्नाला धुळ्याचा संदर्भ आहे. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबा भावे यांनी धुळ्याच्या तुरुंगात ओळीने अठरा रविवार गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले, आणि त्याच तुरुंगात असलेल्या साने गुरुजींनी ती प्रवचने उतरवून घेतली. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ असा सिद्ध झाला. जमनालाल बजाज यांच्यासारखे व्यापारी गृहस्थही तेथे त्या वेळी कैदेत होते. या प्रवचनांत विनोबांनी कर्म, विकर्म आणि अकर्म या तीन संज्ञांची जी मांडणी केली आहे, ती या विषयात फार उपयोगी पडते. कर्म म्हणजे स्वधर्माची बाहेरून दिसणारी क्रिया. विकर्म हा शब्द एरवी निषिद्ध कर्मासाठी वापरला जात असला तरी विनोबा त्याचा अर्थ विशेष कर्म असा घेतात, म्हणजे बाहेरच्या क्रियेला मिळालेली मनाची जोड. ही जोड पूर्ण मिळाली की कर्माचे ओझे राहत नाही. ते अकर्म होते.

या दृष्टीने पाहता फळाचा त्याग म्हणजे परिणामाविषयी बेफिकिरी नव्हे. ज्याचे मन फळात अडकलेले नाही तो उलट कामात अधिक दक्ष असतो, असेच गीतेचे म्हणणे आहे. मग प्रश्न असा उभा राहतो की फळाच्या हमीवाचून काम करण्याचा सराव समाजात कोणाला घडतो. खान्देशात मृगाच्या आधी कोरड्या मातीत कपाशीची धूळपेरणी करणारा शेतकरी बियाण्याचे पैसे देऊन बसलेला असतो आणि आकाशात अजून ढगही नसतो. सावदा-रावेर भागात पावसाळ्याच्या आरंभीची मृगबाग किंवा पावसाळ्यानंतरची कांदेबाग लावणारा केळी-उत्पादक पुढच्या वर्षीचा भाव जाणत नाही. एका वादळी दुपारी निसवलेली बाग आडवी होते, आणि त्यानंतरही तो पुन्हा लावण करतो. दुकान टाकणारा, दुधाचा रतीब घालणारा, भरिताची वांगी घेऊन बाजारात बसणारी बाई, या सर्वांची कृती आधी असते आणि फळ नंतर. तेही अनिश्चित असते. नोकरीत फळ आधी ठरलेले असते. नोकरी करणाऱ्यांच्या निष्ठेला यात कमीपणा नाही, परंतु निष्काम कर्माचा दाखला देऊन धंद्याला नाक मुरडायचे आणि मुलासाठी मात्र महिन्याच्या पहिल्या तारखेची खात्री शोधायची, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत, हे निदान मान्य करायला हवे. फळ आपल्या हाती नाही या सत्याशी ज्याची रोज गाठ पडते, त्याला फलत्यागाचा अभ्यास करण्याची संधी अधिक मिळते. ती तो साधतोच असे नाही, म्हणूनच शिक्षणाची गरज आहे.

हमीच्या अभावाने माणूस आपोआप साधू होत नाही. त्याच अनिश्चिततेच्या धाकाने माणूस तेलात भेसळ करतो, बाजारात मालाच्या वजनात कटती लावतो, उधारीवर नेणाऱ्या अडाणी गिऱ्हाइकाच्या नावावर वहीत जास्त रक्कम मांडतो. येथे फळाचा अंदाज आणि फळाची आसक्ती यांतला भेद स्पष्ट केला पाहिजे. अंदाज घेतल्यावाचून उद्योग होत नाही. किती माल लागेल, काय भावाने जाईल, किती उरेल, हे न पाहता पैसे घालणे हा निष्कामपणा नसून निव्वळ हलगर्जीपणा होय. आसक्ती वेगळी आहे. ठरवलेला अंदाज चुकला की जिच्यामुळे माणूस वजन, माप आणि शब्द यांच्याशी तडजोड करू लागतो, ती आसक्ती. तिची ओळख नफ्याच्या दिवशी पटत नाही, तोट्याच्या दिवशी पटते; म्हणून ज्या उद्योगशिक्षणात तोट्याच्या दिवसाला जागा नाही, ते अपुरे असते.

याच गीतेच्या अठराव्या अध्यायात शेती, गोरक्षण आणि वाणिज्य ही वैश्याची स्वभावातून आलेली कर्मे म्हणून सांगितली आहेत, आणि परंपरेने स्वभाव याचा अर्थ शतकानुशतके जन्म असा लावला. हा मुद्दा टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. खान्देशात दुकान, अडत आणि सावकारी मोजक्या समाजांकडे राहिली. शेतकरी, कारागीर, दलित आणि आदिवासी तराजूच्या दुसऱ्या बाजूला राहिले. त्यामुळे काही घरांतील मूल भाव करणे, माल पारखणे, वायदा पाळणे आणि वही लिहिणे हे जेवणाच्या पाटावर बसल्याबसल्या शिकते, तर दुसऱ्या घरांतील मुलाला ते कोणीही शिकवत नाही. शाळेने उद्योग शिकवला नाही म्हणून तो शिकवला जात नाही असे होत नाही. तो फक्त वारशाने शिकवला जातो. महात्मा फुले स्वतः कंत्राटदारी करणारे, व्यवहारात मुरलेले गृहस्थ होते, आणि १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात त्यांनी खेड्यातील प्राथमिक शाळांसाठी मोडी-बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान मागितले होते. ज्ञानाची मक्तेदारी मोडण्याचा जो न्याय त्यांनी अक्षरांना लावला, तोच व्यापाराच्या विद्येलाही लागू होतो.

आदिवासी भागात हा प्रश्न आणखी नाजूक आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल आणि पावरा कुटुंबांच्या जमिनी कर्जापोटी सावकारांकडे आणि मोठ्या शेतकऱ्यांकडे गेल्या, हा फार जुना इतिहास नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी शहादा परिसरात आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती आणि नंतर श्रमिक संघटना यांनी जी चळवळ उभारली, ती याच जमिनी आणि मजुरी यांच्यासाठी होती. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. १९९८ पासून तो नंदुरबार जिल्ह्यात आहे. ज्या घराच्या आठवणीत ‘व्यापारी’ म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा घेणारा माणूस, त्या घरातील मुलाला ‘तू व्यापारी हो’ असे सांगणे सोपे नाही. त्याला आधी कागद वाचायला, व्याजाचा दर ओळखायला आणि वजनकाटा तपासायला शिकवावे लागेल. फसवले न जाणारे गिऱ्हाईक घडवणे ही उद्योगशिक्षणाची पहिली पायरी आहे, आणि शाळेने दुसरे काही केले नाही तरी एवढे केलेच पाहिजे.

शाळेत उत्पादन आणावे की नाही, या प्रश्नावर महाराष्ट्रात यापूर्वी गंभीर वाद झालेला आहे आणि त्याची आठवण आज उपयोगी पडेल. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन जळगाव जिल्ह्यातील, तेव्हाच्या पूर्व खान्देशातील, फैजपूर येथे पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले आणि तेथील खादी-ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्‌घाटन गांधीजींनी केले. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्धा येथे झालेल्या शिक्षण परिषदेत त्यांनी नई तालीमची, म्हणजे एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाच्या आधाराने सर्व विषय शिकवण्याच्या पद्धतीची, कल्पना मांडली. मुलांनी तयार केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकांचा पगार निघावा, या त्यांच्या सूचनेवर मोठा आक्षेप आला. शाळेत तयार होणारा माल गावातील कारागिराच्या पोटावर येईल, अशी भीती अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी व्यक्त केली; आणि झाकिर हुसेन यांच्या समितीने योजना तयार करताना असा इशारा दिला की उत्पन्नावर भर गेला तर शिक्षणाचा हेतू मागे पडेल. हे आक्षेप आजही खरे आहेत. शाळेचा बाजार शाळेच्या खर्चाची सोय म्हणून भरू लागला की मुले मजूर होतात.

पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली, नंतर समाजोपयोगी उत्पादक कार्य असे लांबलचक नाव आले, आणि बहुसंख्य शाळांत त्याचे रूपांतर खडू, मेणबत्त्या व कागदी फुले यांच्या वहीत झाले. कारण उघड आहे. ती वस्तू कोणाला हवी होती म्हणून केलेली नव्हती. ती गुणांसाठी केलेली होती. ज्या श्रमाला गिऱ्हाईक नाही आणि उपयोगही नाही, त्यात उत्तरदायित्व येत नाही. स्काउट-गाइडच्या ‘खरी कमाई’त, म्हणजे मुलांनी स्वतः श्रम करून पैसे मिळवण्याच्या उपक्रमात, आणि प्राथमिक शाळांच्या बालआनंद मेळाव्यात हे उत्तरदायित्व निदान काही तासांपुरते येते, हे त्या उपक्रमांचे मोठेपण आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी स्थानिक कारागिरांबरोबर काम शिकण्याचे दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत. त्यामुळे वेळही उपलब्ध होऊ शकतो. आता प्रश्न आहे तो त्या वेळात काय शिकवायचे याचा.

यावल-रावेर पट्ट्यातील एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या बालबाजाराची कल्पना करावी. सहावीतील एक मुलगी केळीच्या वेफर्सच्या चाळीस पुड्या घेऊन बसली आहे, दहा रुपयांना एक. सगळ्या पुड्या खपल्या, चारशे रुपये जमले. तेल, तिखट-मीठ, पिशव्या आणि गॅस यांचा खर्च दोनशे वीस. वहीत नफा लिहिला एकशे ऐंशी. शिक्षक पाठ थोपटतात, फोटो निघतो आणि बाजार उठतो. उद्योगशिक्षणाचा खरा तास मात्र येथून सुरू व्हायला हवा. कच्ची केळी घरच्या बागेतली म्हणून तिने त्यांची किंमत शून्य धरली. पाच किलो केळी पंधरा रुपयांच्या भावाने धरली तर पंचाहत्तर रुपये होतात, आणि त्यामागे वडिलांनी भरलेले पाणी व खत आहे. आईने तीन तास किसणीवर आणि कढईपुढे घालवले; तासाला चाळीस रुपये धरले तरी एकशे वीस. दोन्ही मिळून एकशे पंच्याण्णव. एकशे ऐंशीचा नफा होता तेथे पंधरा रुपयांचा तोटा निघाला.

हे गणित करून पाहणाऱ्या मुलीला जे कळते ते कोणत्याही मूल्यशिक्षणाच्या पुस्तकातून कळणार नाही. घरातल्या बाईचे श्रम फुकट धरले की नफा दिसतो, हे तिला स्वतःच्या वहीत दिसते. पुढे मोठ्या कंपनीचा ताळेबंद वाचताना किंवा कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी ठरवताना हाच रकाना कोठे गाळला गेला आहे, हे शोधण्याची दृष्टी तिला येते. मग ती पुडी बारा रुपयांना विकावी काय, पुडीत वेफर्स कमी भरावेत काय, तेच तेल पुन्हा वापरावे काय, असे प्रश्न एकामागून एक येतात आणि त्यांतील प्रत्येक प्रश्न एकाच वेळी हिशेबाचा आणि नीतीचा असतो. विनोबांच्या भाषेत सांगायचे तर विक्री हे कर्म झाले आणि ही चौकशी हे विकर्म. तिच्यावाचून भरलेला बालबाजार ही केवळ जत्रा असते. अशा तासासाठी वेगळे पुस्तक लागत नाही. गणिताचा शिक्षक, एक फळा आणि खोटा नफा खोटा म्हणण्याची तयारी, एवढे पुरते.

याच बाजारात आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती अधिक गंभीर आहे. किराणा दुकानदाराचा मुलगा घरून माल आणून मोठी मांडणी करतो. ऊसतोडीला किंवा मजुरीला गेलेल्या आईबापांच्या मुलाकडे पन्नास रुपयेही नसतात आणि तो नुसता फिरत राहतो. जोखीम घेणे हा सद्‌गुण आहे असे म्हणताना हे विसरता येत नाही की ज्याच्या पाठीशी काही शिल्लक आहे, त्याचीच जोखीम धाडस म्हणून गौरवली जाते. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यासाठी ती उपासमार असते. खान्देशातील कोरडवाहू शेतकऱ्याला जोखमीचे धडे देण्याची गरज नाही, त्याच्या वाट्याला ती गरजेपेक्षा जास्तच आली आहे. म्हणून तोटा कोणी सोसायचा, हा उद्योगशिक्षणाचा मुख्य धार्मिक प्रश्न ठरतो. इस्लामी व्यापारनीतीत मुदारबा नावाचा करार आहे: एकाने भांडवल द्यायचे, दुसऱ्याने श्रम, नफा आधी ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यायचा, आणि प्रामाणिक प्रयत्न करूनही तोटा आला तर भांडवलाची झळ भांडवल देणाऱ्याने सोसायची, श्रम करणाऱ्याचे श्रम गेले, तेवढीच त्याची हानी. धुळ्यात यंत्रमागावर काम करणाऱ्या मुस्लिम घरांतील मुले ज्या शाळांत शिकतात, तेथे आणि अन्यत्रही, शाळेच्या बाजारासाठी याहून न्याय्य नियम सापडणे कठीण आहे. दिल्ली सरकारने २०२१ मध्ये सरकारी शाळांतील अकरावी-बारावीच्या मुलांना उद्योगासाठी प्रत्येकी दोन हजार रुपयांचे बीजभांडवल देण्याचा उपक्रम सुरू केला, त्यामागेही हाच विचार होता की गरीब घरातील मुलालाही एकदा तोटा सोसून पाहण्याची सोय हवी. जिल्हा परिषदेच्या शाळेत रक्कम याहून पुष्कळ लहान असेल, परंतु तत्त्व तेच राहील.

जळगावात उद्योगाचा विषय निघाला की भवरलाल जैन यांचे नाव येतेच. वाकोद या खेड्यात १९३७ मध्ये जन्मलेल्या या माणसाने १९६३ मध्ये कुटुंबाच्या सात हजार रुपयांच्या शिलकीवर रॉकेलच्या व्यापाराने सुरुवात केली. १९७८ मध्ये केळीची पावडर करणारा जुना कारखाना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पेपेन, म्हणजे औषधे व अन्नप्रक्रियेत लागणारे विकर, तयार करण्याची व्यवस्था केली. आणि पुढे पाइप, ठिबक सिंचन व ऊतिसंवर्धित केळीची रोपे या मार्गाने तो उद्योग जगभर गेला. त्यांनीच जळगावजवळच्या जैन हिल्सवर गांधी तीर्थ हे गांधीजींवरील संग्रहालय उभारले, ज्याचे उद्‌घाटन मार्च २०१२ मध्ये झाले. शाळांत ही कथा सात हजारांपासून सुरू होऊन कोटींच्या उलाढालीवर संपते, आणि मुलांच्या मनात रक्कम तेवढी राहते. खरे शिकण्यासारखे आहे ते पेपेनच्या वळणावर: ज्या यंत्राचा मूळ उपयोग चालत नव्हता त्याला दुसरा उपयोग शोधणे, आणि त्यासाठी लागणारा चीक पुरवण्याचे काम परिसरातील शेतकऱ्यांच्या हाती येणे. गांधीजींच्या विश्वस्त-कल्पनेची, म्हणजे संपत्ती ज्याच्या हाती आहे त्याने स्वतःला तिचा मालक न समजता समाजाच्या वतीने सांभाळणारा समजावे या विचाराची, चर्चाही मुलांशी येथेच करता येईल. ती कल्पना पुरेशी आहे की मालकाच्या सदिच्छेवर फार विसंबते, हा प्रश्न मुलांनी मोकळेपणाने विचारावा. गांधी तीर्थाला सहल नेणाऱ्या शाळांनी परतीच्या वाटेवर तो विचारू द्यावा.

उद्योग म्हणजे एका माणसाचा पराक्रम, हे चित्रही अपुरे आहे. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात बारीपाडा या आदिवासी गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकापासून आपले उजाड झालेले जंगल राखले आणि वाढवले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तेथे दरवर्षी वनभाज्यांची स्पर्धा भरते. गावच्या आणि आसपासच्या बाया रानातून खुडून आणलेल्या भाज्या रांधून मांडतात आणि कोणती भाजी कोठे उगवते, कोणती कोवळीच खुडावी लागते, कोणती दोनदा उकळून पाणी टाकल्यावाचून खाऊ नये, हे ज्ञान सर्वांसमोर ठेवतात. जंगल कोणा एकाचे नाही, ते राखण्याचे नियम सर्वांचे आहेत. सामाईक साधनावर उभा राहणारा उद्योग कसा चालतो, हे साक्री आणि शिरपूरच्या मुलांना शिकवायला शहरातला पाहुणा वक्ता बोलावण्याची गरज नाही.

ज्या शिक्षकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना हा विचार पटत असेल, त्यांनी पुढच्या बालबाजाराच्या आधी तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात: घरचा माल आणि घरच्यांचे श्रम यांची किंमत प्रत्येक वहीत धरली जाईल, ज्या मुलाकडे भांडवल नाही त्याला शाळा ते देईल आणि प्रामाणिक तोटा झाला तर तोही शाळा सोसेल, आणि जमलेल्या नफ्याचा वाटा कोणाला व किती हे बाजार भरण्यापूर्वी मुलांच्या सभेत मुलेच ठरवतील. बाजारानंतरच्या सोमवारी सगळ्या वह्या वर्गात उघडाव्यात, आणि ज्याच्या वहीत तोटा निघाला त्या मुलाला आधी बोलू द्यावे.